वाटेवरचे बंदर

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव लागते. येथून समुद्र शेकडो मैल दूर. गुलामांची गलबते, बंदरावरील झडती, परदेशांशी झालेले तह या गोष्टींचा अशा गावाशी संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. संबंध आहे, आणि तो हद्दीचा आहे. सन १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात गुलामगिरीचा न्यायालयीन आधार काढून घेतला. माणसावर मालकी सांगून कोणाला दाद मागता येईना. त्या वेळी अनसिंग, वाशीम आणि सारा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांच्या कारभाराखाली तो आला १८५३ च्या तहाने. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर जे माणूस कायद्याने कोणाची मालमत्ता नव्हते, तेच घाट चढून वऱ्हाडात आणले की त्या कायद्याच्या कक्षेबाहेर पडे. चोरट्या वाहतुकीला नेमकी अशीच हद्द हवी असते.

दख्खनला हबशी माणूस नवखा नव्हता. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ होऊन १६२६ साली मरण पावला. त्याच्या कर्तबगारीची कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. त्याच बाजारांतून विकल्या गेलेल्या, पण ज्यांच्या हाती ना तलवार आली ना वजिरी, अशा मुलांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. एकोणिसाव्या शतकातही हा ओघ आटला नव्हता. पूर्व आफ्रिकेच्या आतील प्रदेशातून पळवलेली मुले झांझिबारच्या बाजारात येत, आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुरू झाला की गलबतांतून उत्तरेकडे व पूर्वेकडे नेली जात. मुंबई हे त्यांचे शेवटचे ठिकाण असेच असे नाही. काठेवाड, कच्छ, देशी संस्थानांचे दरबार आणि धनिकांचे वाडे येथे हबशी चाकरांना मागणी होती. मुंबई हे वाटेवरचे बंदर.

या वाटेवर पहारा बसवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. गुलामांचा व्यापार ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली बंद केला व १८११ साली तो गंभीर गुन्हा ठरवला. १८२२ साली कॅप्टन मोर्सबी याने मस्कत व झांझिबारचा धनी सय्यद सैद याच्याशी तह केला. त्यात केप डेल्गाडोपासून सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून थेट आपल्या दीवच्या टोकापर्यंत समुद्रात एक रेषा कल्पिली होती. या रेषेपलीकडे सैदच्या प्रजेचे गुलाम नेणारे गलबत सापडले तर ते पकडण्याची मुभा मिळाली. पाण्यावर रेघ ओढावी तसाच हा प्रकार. रेषेच्या आत जो व्यापार, तोच बाहेर गुन्हा. व्यापारी मात्र दोन्हीकडचे तेच.

गलबत मुंबईस लागले तरी काम सोपे नव्हते. मुलगा असला तर तो खलाशी म्हणून दाखवला जाई, बाई असली तर नाखुद्याची किंवा उतारूची बायको म्हणून. दोर ओढणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराकडे पाहून हा नोकर की माल, हे झडती घेणाऱ्या अंमलदाराने ओळखावे कसे? पोराला ना मराठी येई, ना हिंदुस्थानी, आणि ज्याच्या धाकाने तो थरथरत असेल तोच मनुष्य शेजारी उभा. गुन्हा सिद्ध व्हायचा तो ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या तोंडून, आणि त्याचेच तोंड बांधलेले.

आरमाराच्या पाठलागाच्या हकीकती वाचायला रोमहर्षक असतात, आणि इतिहासकारांनी त्या सढळ हाताने लिहिल्या आहेत. परंतु या धंद्याचे मूळ गलबतात नव्हते. ते चोपडीत होते. झांझिबारच्या व्यापारात कच्छी व गुजराती पेढ्यांचे भांडवल मोठे होते, आणि त्या व्यापारातून गुलाम वेगळे काढता येत नव्हते. सन १८६० च्या सुमारास तेथील ब्रिटिश कॉन्सल रिग्बी याने हिंदी व्यापाऱ्यांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त केले. हा घाव वर्मी होता. पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची शिष्टाई झांझिबारास गेली, आणि जून १८७३ च्या तहाने तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. तोवर पाऊण शतक होत आले होते.

पकडलेल्या गलबतातून उतरवलेल्या मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही तहात नव्हता. घर हजारो मैल दूर, गावाचे नाव धड सांगता येत नाही, आणि परत पाठवले तर त्याच बाजारात पुन्हा उभे राहण्याची भीती. मुंबई सरकारने त्यांना पोलिसांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या कुटुंबांत व मिशनच्या शाळांत ठेवले. वाटेवरच्या मुलखाची ही अडचण जुनी झालेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तीनशे तीन हिंदी उतारूंना निकाराग्वाकडे नेणारे विमान इंधनासाठी फ्रान्सच्या वात्री विमानतळावर उतरले आणि मानवी तस्करीच्या संशयावरून अडवले गेले. विमानतळाच्या दालनातच न्यायाधीश बसवावे लागले. काहींनी तेथे आश्रय मागितला; दोनशे शहात्तर जण २६ डिसेंबरला मुंबईस परत आले. विमान अडवायला एक हुकूम पुरला. आत बसलेल्या माणसांचा निवाडा करायला मात्र सारे न्यायखाते कमी पडण्याची वेळ आली.

मुंबईच्या या मुलांपैकी बरीच नाशिकजवळील शरणपूर येथे पाठवली गेली. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास वसवलेली ही वस्ती. नावही किती समर्पक! तेथे सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम व लिहिणे-वाचणे शिकवीत. गोदाकाठी वाढलेली ही आफ्रिकी मुले इंग्रजी मुलखात ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. धर्म बदलण्याच्या अटीवर मिळालेला आसरा कितपत निर्मळ, हा प्रश्न येथे टाळता येत नाही; पण दुसरा आसरा कोणी देऊ केला होता, हेही विचारले पाहिजे. लिव्हिंग्स्टनने १८६५ साली यांतील नऊ जण आपल्या प्रवासासाठी निवडले. ते सारेच काही टिकले नाहीत. परंतु पुढे त्याला जाऊन मिळालेला शरणपूरचा जेकब वेनराइट अखेरपर्यंत राहिला. १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. सोबत्यांनी तो देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

१८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन ही वस्ती उभी राहिली, आणि शरणपूर व मुंबईची सुमारे दीडशे माणसे तेथे गेली. त्यांच्याही आधी, १८६४ मध्येच, विल्यम जोन्स हा शरणपूरचा विद्यार्थी त्या किनाऱ्यावर पोचला होता. लहानपणी त्यालाही याओंच्या मुलखातून पळवून विकले होते. पुढे राबाई येथील मिशनचा भार त्याच्यावर आला, आणि आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आवारात येऊन राहू लागले. मालकांनी गलका केला. मिशनचे वरिष्ठही कचरले. जोन्सने मात्र कोणाला बाहेर काढले नाही. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई देण्याचे कबूल केले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाई येथे चौदाशेंहून अधिक माणसांना मुक्ततेचे कागद देण्यास प्रारंभ झाला.