प्रभूसमर्पणाचा सण आणि व्रतस्थांचे जीवन

नाताळचा दिवस धरून मोजल्यास २ फेब्रुवारी हा चाळिसावा दिवस. या दिवशी कॅथॉलिक ख्रिस्तसभा बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करते. १९९७पासून हाच दिवस समर्पित जीवनाचा जागतिक दिन म्हणूनही पाळला जातो. मठवासी, धर्मभगिनी, व्रतस्थ बंधू आणि धर्मसंघांतील धर्मगुरू या दिवशी आपल्या व्रतांचे स्मरण करतात. वर्षभरात इतके सण असताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच सणाची निवड का केली, याचे उत्तर त्यामागील कथेत सापडते.

ही कथा संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार मुलाच्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी मातेने शुद्धीकरणाचे अर्पण करावयाचे असे. प्रथम जन्मलेला पुत्र देवाचा मानला जाई आणि पाच शेकेल चांदी देऊन आईवडील त्याला 'सोडवून' घेत. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात आले. ज्यांना कोकरू देणे परवडत नसे, अशा गरिबांसाठी नेमून दिलेले पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण त्यांनी केले. लूकने या अर्पणाची नोंद केली आहे. मात्र बाळाला सोडवून घेण्यासाठी रक्कम दिल्याचा उल्लेख तो करीत नाही. हे बालक परत घेतले गेले नाही, ते देवालाच वाहिले गेले, असा अर्थ अनेक भाष्यकार यातून काढतात. समर्पित जीवनाचे मर्म नेमके येथेच आहे.

मंदिरात या कुटुंबाला दोन वृद्ध भेटले. शिमोनाने बाळाला हातांत घेतले आणि आता आपण शांतपणे निरोप घेण्यास मोकळे झालो, अशा आशयाचे स्तोत्र गायिले. सर्व राष्ट्रांसाठी प्रकाश म्हणून त्याने बालकाचे वर्णन केले. त्याच वेळी मरियेच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचेही भाकीत केले. दुसरी हन्ना. लग्नानंतर सात वर्षांतच ती विधवा झाली होती आणि वृद्धापकाळापर्यंत उपवास व प्रार्थना करीत मंदिरातच राहिली होती. शिमोनाचे स्तोत्र आजही मठांमध्ये रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हटले जाते.

सणाची परंपरा प्राचीन आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमची यात्रा केलेल्या इजेरिया या स्त्रीच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आढळतो. पूर्वेकडील ख्रिस्तसभा याला 'भेट' या अर्थाच्या ग्रीक नावाने ओळखते. पाश्चात्य परंपरेत मेणबत्त्यांना आशीर्वाद देऊन मिरवणूक काढण्याची प्रथा रूढ झाली. दीर्घकाळ हा सण मरियेच्या शुद्धीकरणाचा मानला जात असे. १९६९मध्ये उपासना-दिनदर्शिकेच्या सुधारणेनंतर त्याला 'प्रभूचे समर्पण' हे नाव मिळाले.

व्रतस्थ व्यक्ती दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतात. सणाच्या कथेत तिन्हींची खूण दिसते. गरिबाच्या अर्पणात दारिद्र्य, हन्नेच्या अखंड एकनिष्ठेत ब्रह्मचर्य आणि नियमशास्त्र पाळणाऱ्या मातापित्यांत आज्ञापालन. मात्र ही व्रते उतावीळपणे घेतली जात नाहीत. धर्मसंघांमध्ये किमान बारा महिन्यांची नवदीक्षा, त्यानंतर किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रते आणि मगच आजीवन व्रते, असा क्रम धर्मसभेच्या कायद्याने घालून दिला आहे. मराठी वाचकाला ही परंपरा सर्वस्वी अपरिचित नाही. १६१६मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे व्रतस्थ सदस्य होते.

दिनाची स्थापना करताना पोप जॉन पॉल यांनी तीन हेतू सांगितले होते. या जीवनाच्या देणगीबद्दल देवाचे आभार मानणे, सर्व श्रद्धावंतांना त्याची ओळख करून देणे आणि स्वतः व्रतस्थांनी आपल्या पाचारणाचा आनंद पुन्हा अनुभवणे. तिसऱ्या हेतूची निकड आज अधिक जाणवते. १९७०च्या सुमारास जगभरातील कॅथॉलिक धर्मभगिनींची संख्या दहा लाखांच्या घरात होती; २०२२मध्ये ती सुमारे सहा लाखांवर आली. युरोप व अमेरिकेतील अनेक मठ वृद्धांचे झाले आहेत, तर आशिया आणि आफ्रिकेतून नव्या भगिनी येत आहेत. आज्ञापालनाच्या व्रताचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो, हेही दुर्लक्षिता येणार नाही. काही धर्मगुरूंकडून धर्मभगिनींचे लैंगिक शोषण झाल्याचे पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९मध्ये जाहीरपणे मान्य केले. समर्पण देवाला असते, अधिकारावर बसलेल्या माणसाला नव्हे, हा भेद त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरतो.

या पार्श्वभूमीवर मंदिरातील भेटीला नवा अर्थ प्राप्त होतो. शिमोन आणि हन्ना यांच्या हाती सत्ता नव्हती, मागे अनुयायांचा समुदायही नव्हता. होती ती केवळ दीर्घ प्रतीक्षा आणि आलेल्या बालकाला ओळखणारी दृष्टी. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली, त्याला हातांत घेऊन शिमोनाने पुन्हा मातेच्या स्वाधीन केले. संख्या घटत असताना निष्ठा टिकविणे, आणि वृद्धांनी आपले संचित पुढच्या पिढीच्या हाती निर्लेपपणे सोपविणे, हा या सणाचा व्रतस्थांसाठी संदेश होय. मिरवणुकीतील मेणबत्तीही तेच सांगते: प्रकाश द्यावयाचा तर मेणाला झिजावेच लागते.