थांबत थांबत चालण्याचा इतिहास

चालता चालता पोटरीत गोळा येतो, माणूस एखाद्या ओट्यावर टेकतो, दोन-चार मिनिटांत कळ ओसरते आणि तो पुढे निघतो. आपल्या घरांत याला 'वात' म्हणतात आणि तेलाची बाटली काढतात. पायाची धमनी आतून अरुंद झाल्यामुळेही अशी कळ येते: चालणाऱ्या स्नायूला लागेल तेवढे रक्त पोहोचत नाही. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. या दुखण्याच्या मागे लागलो तो वडिलांच्या पायामुळे.

इतिहास सुरू होतो घोड्यापासून. १८३१ साली फ्रान्समधले पशुवैद्य बुले यांनी एका घोड्याची हकिगत नोंदवली. थोडे धावले की त्याचे मागचे पाय लंगडत, विसावा मिळाला की तो पूर्ववत होई. दोष निघाला मांडीच्या बंद झालेल्या धमन्यांत. १८५८ साली पॅरिसच्या शार्को यांनी हेच लंगडणे माणसात दाखवले आणि घोड्याच्या दुखण्याचेच नाव त्याला दिले: क्लॉडिकेशन, म्हणजे लंगडणे.

पुढचा टप्पा न्यूयॉर्कचा. १९०८ साली लिओ बर्गर यांनी कापून काढलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून तरुण पुरुषांत दिसणाऱ्या एका वेगळ्या आजाराचे वर्णन केले. त्याचे तंबाखूशी असलेले नाते पुढे पक्के झाले. आपल्याकडे हा बर्गरचा आजार विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत दिसत आला आहे. उतारवयातल्या धमनीकाठिण्यालाही तंबाखू आणि मधुमेह हातभार लावतात.

राजवाडाही यातून सुटला नाही. इंग्लंडचे सहावे जॉर्ज सिगारेटचे व्यसनी. पायाच्या धमन्यांच्या आजारामुळे १९४८ साली त्यांचा ऑस्ट्रेलियाचा दौरा रहित झाला. मार्च १९४९ मध्ये लर्मंथ या शल्यविशारदांनी त्यांच्या कमरेतल्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया केली. पाय वाचला, पण १९५१ मध्ये कर्करोगाने फुप्फुस काढावे लागले आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

उपचारातला मोठा बदल त्यानंतरचा. दुखते तर बसून राहा, हा सल्ला स्वाभाविक वाटतो. १९६६ साली डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी मोजक्या रुग्णांवर उलटे करून पाहिले. रोज व्यायाम करणारे पूर्वीपेक्षा लांब चालू लागले. आज सांगतात ते हेच: कळ येईपर्यंत चाला, थांबा, ओसरली की पुन्हा चाला, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान बारा आठवडे. धमनी उघडत नाही, पण स्नायू मिळेल त्या रक्तात काम करायला शिकतो.

आमच्या घरी यातले काहीच ठाऊक नव्हते. वडील विडी ओढत. रात्री ते पाय खाटेखाली लोंबता ठेवून झोपत. आई मायेने तो उचलून उशीवर ठेवी, तसे ते कण्हत. पाय खाली सोडला की रक्त जरा सहज उतरते, वर उचलला की आणखी कमी पडते, हे मला फार उशिरा कळले. पाऊल गार लागते म्हणून मी तापल्या विटेचा शेक दिला. फोड आला, तो भरला नाही, अंगठा काळा पडला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डातल्या सिस्टर खाटेशी बसल्या. "बाबा, हा दुसरा पाय आता तुमच्या हातात आहे," म्हणाल्या. विडी पूर्ण बंद. रोज रात्री पाऊल, तळवा, बोटांच्या बेचक्या उजेडात पाहायच्या. कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यायचे. अनवाणी फिरायचे नाही, शेक नाही, कुरूप घरी कापायचे नाही. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना. मग घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधून त्यांनी दंडाच्या दाबाशी तुलना केली. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशापेक्षा कमी भरला तर धमनी अरुंद आहे असे समजतात, हे मी तिथे शिकलो.

एवढे सांगायला पंधरा मिनिटे लागली असतील. वडील नंतर अकरा वर्षे जगले आणि तो दुसरा पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. या इतिहासात बुले, शार्को, बर्गर यांची नावे नोंदली आहेत. खाटेशी बसून पाऊल पाहायला शिकवणाऱ्या सिस्टरचे नाव मीही त्या दिवशी विचारले नाही.