ससेक्सच्या टेकडीवरची छत्री

१/१२
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्स नावाचा प्राचीन परगणा आहे. ‘दक्षिणेकडील सॅक्सनांचा प्रदेश’ हा त्या नावाचा अर्थ. इंग्लंडचा इतिहास पालटणारी १०६६ची हेस्टिंग्जची लढाई याच भूमीवर झाली. आजचा प्रवासी मात्र येथे येतो तो समुद्र आणि हिरव्या टेकड्या पाहण्यासाठी. या दोहोंच्या मधोमध भारतीय इतिहासाचे एक पान उघडे पडले आहे. हा धागा त्याविषयी.

२/१२
ससेक्समधील ब्रायटन हे गाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. सावरकरांनी समुद्राला उद्देशून लिहिलेली सुप्रसिद्ध कविता डिसेंबर १९०९मध्ये येथल्याच किनाऱ्यावर जन्मली. परंतु त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी याच गावात हजारो भारतीय सैनिक जखमी अवस्थेत येऊन दाखल झाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

३/१२
प्रथम भूगोल पाहू. किनाऱ्यामागे साउथ डाउन्स ही खडूच्या मऊ पांढऱ्या खडकाची डोंगररांग पसरली आहे. वर आखूड गवत, चरणाऱ्या मेंढ्या, मधूनमधून शेते. हीच रांग पूर्वेला समुद्राशी भिडते तेथे ‘सेव्हन सिस्टर्स’चे शुभ्र कडे दिसतात. किनारा आणि ग्रामीण प्रदेश येथे काही मैलांच्या अंतरावर नांदतात.

४/१२
ब्रायटन गावात एक विलक्षण राजवाडा आहे, रॉयल पॅव्हिलियन. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५पासून त्याला घुमट आणि मिनार चढवले. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या राजपुत्राचे हे ‘हिंदुस्थानी’ स्वप्न! राणी व्हिक्टोरियाला तो वाडा रुचला नाही. अखेर १८५०मध्ये गावानेच तो विकत घेतला.

५/१२
१९१४मध्ये महायुद्ध पेटले. सप्टेंबरअखेरीस भारतीय फौजा मार्सेय बंदरात उतरल्या आणि लवकरच ईप्रच्या चिखलातील खंदकांत पोहोचल्या. मार्च १९१५च्या नव्ह शापेलच्या लढाईतही त्यांचे फार मोठे नुकसान झाले. जखमींना जहाजाने इंग्लंडला आणि तेथून आगगाडीने ब्रायटनला आणले जाई. राजपुत्राच्या दिवाणखान्यांत आता रुग्णांच्या खाटा लागल्या.

६/१२
डिसेंबर १९१४ ते १९१६चा आरंभ या काळात एकट्या पॅव्हिलियनच्या रुग्णालयात ४,०००हून अधिक भारतीयांवर उपचार झाले. धर्म आणि जात यांनुसार नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमान यांच्या पाण्याचे नळ वेगळे होते. आवारात शिखांसाठी तंबूत गुरुद्वारा होता, तर मुसलमानांना नमाजासाठी हिरवळीवर जागा राखली होती.

७/१२
एवढी काळजी कशासाठी? तीत माणुसकी होती, तसे राजकारणही होते. १८५७ची आठवण राज्यकर्ते विसरले नव्हते. धर्म बाटल्याची एखादी अफवा भारतीय छावण्यांत पसरणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणूनच रुग्णालयाची छायाचित्रे आणि सचित्र पुस्तिका आवर्जून छापल्या गेल्या. सैनिक घरी जी पत्रे लिहीत, ती मात्र परीक्षकांच्या नजरेखालून जात.

८/१२
चित्राची दुसरी बाजू ‘किचनर रुग्णालया’त दिसते. गावातील जुन्या अनाथालय-श्रमगृहाच्या इमारतीत ते थाटले होते. कर्नल सीटन यांच्या अमलाखाली तेथे काटेरी तारांचे कुंपण होते आणि बाहेर जाण्यावर कडक निर्बंध. १९१५मध्ये जगू गोडबोले या भारतीय दुय्यम वैद्याने सीटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्यास सक्तमजुरीची शिक्षा झाली. सचित्र पुस्तिकेत अशा प्रसंगांना अर्थातच जागा नव्हती.

९/१२
जे वाचले नाहीत, त्यांचे काय झाले? मुसलमान सैनिकांना शेजारच्या सरे परगण्यात वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केले गेले. हिंदू आणि शीख अशा ५३ जणांचे देह ब्रायटनच्या उत्तरेस, पॅचम गावाच्या वरच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथे उघड्या आकाशाखाली त्यांना अग्नी दिला गेला. रक्षा समुद्रात विसर्जित झाली.

१०/१२
दहनाच्या त्याच जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्ड यांच्या हस्ते एका स्मारकाचे अनावरण झाले. नाव ‘छत्री’. पुण्याच्या वानवडीतील शिंदे छत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द उलगडून सांगायला नको. आठ खांबांवर पेललेला पांढऱ्या संगमरवराचा घुमट आणि त्याच्या पायाशी, चिता जेथे रचल्या गेल्या तेथे, ग्रॅनाइटच्या तीन शिळा. आराखडा होता मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा.

११/१२
त्यावरील लेखात सम्राटासाठी प्राण वेचणाऱ्या सर्व भारतीय सैनिकांना आदरांजली होती. पण येथे दहन झालेल्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ही टेकडी लष्करी सरावाखाली गेली आणि स्मारकाला गोळ्याही लागल्या. अखेर सप्टेंबर २०१०मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने छत्रीजवळ एक शिला उभारली आणि तिच्यावर ५३ नावे कोरली. अनावरणानंतर तब्बल ८९ वर्षांनी!

१२/१२
आजही छत्रीच्या दारापर्यंत मोटार जात नाही. कुरणांतील पायवाटेने चढावे लागते. वर पोहोचल्यावर खाली ब्रायटन आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. दरवर्षी जून महिन्यात येथे स्मरणसभा भरते. साम्राज्याने या सैनिकांना निष्ठेचे प्रतीक मानले आणि स्वातंत्र्यानंतर बहुधा त्याच कारणास्तव आपणही त्यांना विसरलो. ते कोणासाठी लढले, याविषयी वाद जरूर घालावा. पण त्याआधी त्या शिळेवरची नावे एकदा वाचावीत. कधी ससेक्सला जाणे झाले, तर किनाऱ्यावरून परतण्यापूर्वी अर्धा दिवस या टेकडीसाठी राखून ठेवा.