खाणवाले भाऊ आणि आमच्या देवळातली शाळा

मंडळी, परवा नातीला घेऊन मिरामारला गेलो होतो. तिथे भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. नातीने विचारलं, "आजोबा, हे कोण?" मी म्हटलं, "खाणमालक होते, मग गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले." ती लगेच म्हणाली, "म्हणजे श्रीमंत होते म्हणून झाले?" तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

दयानंद बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी खाणधंद्यात जम बसवला. महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं. आमच्या डोंगरातला लाल दगड बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला जायचा आणि तिथून बोटीने परदेशी. या धंद्यात ज्यांनी पैसा केला, त्यांतले एक भाऊ.

आता आमची बाजू सांगतो. फोंडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही भाटकाराची कुळं. घर त्याच्या जमिनीत, शेत त्याचं. माझी आजी भाटकाराच्या अंगणात कधी चप्पल घालून गेली नाही. गावात ज्याच्या हाती जमीन, त्याच्या हाती माणसं. भाऊंचा पैसा खाणीतून आला होता, कुळाच्या खंडातून नव्हे. भाटकाराला दुखवलं तर त्यांची चूल विझणार नव्हती. मला वाटतं, फरक इथेच पडला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली आणि भाऊंचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गंमत म्हणजे भाऊ स्वतः उभेच नव्हते. २० डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीत मडकईतून निवडून आले.

त्याच काळात आमच्या गावात मराठी शाळा आली. इमारत नव्हती, देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायचा. उत्सव असला की सुट्टी! मी आणि भाटकाराचा पुतण्या एकाच सुंभाच्या पट्टीवर बसायचो. आजीला अक्षर येत नव्हतं, पण दुपारी मंडपाच्या पायरीवर बसून ती आमचे पाढे ऐकायची. कोणी काही म्हटलं की तिचं ठरलेलं, "भाऊ आमचो." १९६४ मध्ये कूळकायदा झाला. मनाला येईल तेव्हा कुळाला उठवणं आता सोपं राहिलं नाही.

आणि मग आला जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरण ही भाऊंची मुख्य मागणी. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. आमच्या घरात बाबा फुलाचे, काका दोन पानांचे. बाबा म्हणत, आपली भाषा, आपले देव, आपले सोयरे सगळे तिकडे. काका सरकारी कचेरीत कारकून. ते म्हणत, मुंबईपुढे आपल्याला विचारणार कोण, आणि घरात बोलतो ती कोंकणी कुठे जाईल? शब्दाला शब्द वाढला. त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळ दोघांनी एकमेकांना दिला नाही.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. भाऊ हरले. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

पण पुढचं ऐका. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊंचा पक्ष पुन्हा जिंकला. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या आमच्या काकांनी या वेळी सिंहावर शिक्का मारला. बाबांनी विचारलं, "असं कसं रे?" काका म्हणाले, "विलीनीकरण नको होतं. भाऊ नको कधी म्हटलं?" दोघे भाऊ पुन्हा बोलू लागले ते त्या दिवसापासून.

सगळंच गोड होतं असं नाही. मुख्यमंत्रीच खाणमालक, मग खाणीला लगाम कोण घालणार? हा प्रश्न काका तेव्हाही विचारायचे. पुढे पावसाळ्यात खाणींची लाल माती ओहोळातून शेतात उतरायला लागली, तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली. कुळाला शेत मिळालं, पण काही गावांत त्या शेतात गाळ भरला. हेही नातीला सांगायला हवं.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ पदावर असतानाच गेले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला आणि १९७६ मध्ये कसेल त्याची जमीन ठरली. आमचा एक-चौदाचा उतारा मी जपून ठेवलाय. त्यावर कूळ म्हणून बाबांचं नाव आहे. आजी वाचू शकत नव्हती, पण तिने त्या नावावरून बोट फिरवलं होतं.

म्हणून नातीला माझं उत्तर असं: श्रीमंत तर होतेच बाळा, पण श्रीमंत गोव्यात पुष्कळ होते. आमच्या देवळात शाळा भरली ती यांच्या राज्यात.

तुमच्या गावची पहिली शाळा कुठे भरायची? घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा.