पाते फिरंगी, मूठ मराठी : तलवारीचा ‘यूजर इंटरफेस’

१/ ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि लवकरच येथील खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे आकार घेऊ लागली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. खाडीच्या मुखाशी वसईत पोर्तुगीजांची सत्ता १५३४ पासून होती. परकीय कसब घेऊन ते आपल्या हाती बसवण्याची हीच रीत तलवारीतही दिसते.

२/ पोर्तुगीज व्यापारातून युरोपातील लांब, सरळ पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत. अशा पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ हे नाव पडले. येथील कारागीर त्या पात्याला युरोपीय मुठीऐवजी खांड्याची मूठ जडवीत. पाते उत्तम होते, मग मूठ का बदलली?

३/ मोबाइलमधील चिप कितीही वेगवान असो, माणसाचा संबंध येतो तो पडद्याशी. त्या दोघांमधल्या दुव्याला आज ‘यूजर इंटरफेस’ म्हणतात. तलवारीत हे काम मूठ करते. पोलादाचे सामर्थ्य हातापर्यंत तिच्याच वाटेने पोहोचते.

४/ फिरंगेची मूठ नीट पाहावी. बोटांवरून वळणारी रुंद परज हाताचे रक्षण करते. आतील गादी आघाताचा हादरा सोसते. मागे एक दांडी निघालेली असते. जोराचा घाव घालायचा तर दुसरा हात तिच्यावर ठेवता येतो. हे सांगायला शब्द लागत नाहीत. आकारच हाताला जागा दाखवतो.

५/ १९८८ मध्ये अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी दारे, नळ, बटणे अशा नित्याच्या वस्तूंबाबत हेच मांडले. चांगली वस्तू आपला वापर स्वतः सुचवते आणि चुकीच्या वापराला अटकाव करते.

६/ अटकावाचे टोकाचे उदाहरण म्हणजे दांडपट्टा. हात लोखंडी खोबणीत जातो, आतली पकड आडवी असते आणि मनगट जवळजवळ जखडले जाते. मग पाते हाताचाच पुढचा भाग बनते व फिरवण्याचे बळ खांदा, कंबर आणि पावलांतून येते. नवशिक्याला हे शस्त्र पेलत नाही. ते तालमीत घडलेल्या हातासाठीच घडवलेले आहे. प्रत्येक रचना कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते.

७/ वक्र तलवारीची मूठ आखूड असते आणि मागे सपाट चकती असते. संग्रहालयात ती पाहून ‘पूर्वजांचे हात लहान होते’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. वस्तुतः ही घट्ट पकड मनगटाला मोकळे फिरू देत नाही. त्यामुळे वार कोपर-खांद्यातून निघतो आणि पाते ओढत कापते. वक्र पात्याला हाच घाव साजतो.

८/ अशा तलवारीच्या पात्याचे निमुळते शेपूट पोकळ मुठीत घालून तापवलेल्या राळेने पक्के करीत. पुन्हा तापवले की मूठ सुटे. त्यामुळे एकाच पात्याला वेळोवेळी नवी मूठ लाभू शके, जसा जुन्या प्रणालीला नवा पडदा.

९/ याचा पुरावा एका ब्रिटिशानेच दिला. घोडदळ अधिकारी लुई नोलन यांनी १८५३ च्या आपल्या ग्रंथात निजामाच्या स्वारांनी घातलेल्या भयंकर घावांची हकिगत नोंदवली. चौकशीअंती कळले की त्यांची पाती बहुतांशी ब्रिटिश घोडदळाने टाकून दिलेली होती!

१०/ स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, तीक्ष्ण धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवले. लढाईखेरीज ती उपसली जात नसत. ब्रिटिशांच्या लोखंडी म्यानात मात्र धार बोथट होई. पोलाद तेच, पण मूठ, म्यान आणि निगा बदलताच शस्त्र बदलले.

११/ म्हणूनच ‘सत्तर किलोची तलवार’ छापाच्या दंतकथा घातक ठरतात. प्रत्यक्ष तलवारी साधारणतः एक ते दीड किलोच्या असत. वजन फुगवल्याने शौर्य वाढत नाही. उलट लोहाराची बुद्धी, शिकलगाराची धार आणि तालमीत घालवलेली वर्षे झाकली जातात.

१२/ पुढच्या वेळी काचेआड तलवार दिसली की आधी मुठीकडे पाहावे. बोटे कुठे बसत असतील? दुसऱ्या हाताला जागा आहे का? कोणती हालचाल तिने मुद्दाम रोखली आहे? तलवार गाजवणाऱ्यांची नावे बखरींत आली. ती घडवणाऱ्यांची बहुतेक नावे हरवली, पण माणसाचा हात त्यांना किती नेमका कळला होता, हे त्या मुठीत अजून वाचता येते.