१७. पेडगावची मुले ‘गवतेताई’ म्हणतात ती
हे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. म्हणीतले भीमाकाठचे पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात आहे. ‘गवतेताई’ म्हणजे परभणीच्या मॅरेथॉन धावपटू ज्योती गवते. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय धावपटूंची क्रमवारी परदेशी धावपटूंपासून वेगळी लावतात. मजकुरातला ‘पहिला नंबर’ या भारतीय महिला गटातला आहे. १५ जानेवारी २०१७ रोजी गवते यांनी तो २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत पटकावला. २०१९ साली त्या दुसऱ्या आल्या. पहिल्या आलेल्या सुधा सिंग या स्टीपलचेसमधल्या ऑलिंपिकपटू. पण त्या वर्षी गवते यांची वेळ २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद होती. म्हणजे दोन वर्षांत पाच मिनिटे पाच सेकंद कमी झाली आणि प्रत्येक किलोमीटर सरासरी चार मिनिटांच्या आत आला. पुढच्या परिच्छेदातल्या ‘हरूनही पुढे गेली’ या उद्गाराचा संदर्भ हाच. नुसता क्रमांक पाहिला तर ही प्रगती नजरेतून सुटते. लांब पल्ल्याच्या धावपटूची कारकीर्द तिच्या वेळांवरून वाचावी. — संपा.