बैकालचे दप्तर

सैबेरियाच्या दक्षिण भागातील बैकाल सरोवर 1642 मीटर खोल असून पृथ्वीच्या पाठीवरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या त्याच्या उदरात साठलेला आहे. एवढा प्रचंड जलसंचय हवेतील अल्पस्वल्प उष्णतावाढीस सहजासहजी दाद देणार नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ती खोडून निघाली, याचे श्रेय तीन पिढ्यांच्या नोंदवह्यांना द्यावे लागते.

या दप्तराची पहिली पाने एका राजबंद्याच्या काळातली आहेत. 1863 च्या पोलिश उठावाबद्दल झारच्या सरकारने सैबेरियात हद्दपार केलेला प्राणिशास्त्रज्ञ बेनेडिक्ट दिबोव्स्की हा सरोवराच्या नैऋत्य टोकास कुल्तुक गावी राहून, भर हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून खालच्या पाण्याचा ठाव घेत असे. बैकालमध्ये जीवसृष्टी तुरळक आहे हा तत्कालीन पंडितांचा ग्रह त्यानेच दूर केला. त्याच सुमारास, म्हणजे 1869 पासून, लिस्तव्यांका येथील गोठण्याच्या व बर्फ फुटण्याच्या तारखांची मालिका सुरू होते. बर्फाची तारीख ही त्या मुलखात केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब नव्हती. 1904 साली जपानशी युद्ध जुंपले तेव्हा सरोवराला वळसा घालणारा लोहमार्ग अपुराच असल्याने सरकारने थेट बर्फावर रूळ अंथरले आणि डबे घोड्यांकडून ओढवून पलीकडे नेले. शास्त्राला जे मोल कळायला पुढे शतक लागले, ते लष्करी खात्याला एका हिवाळ्यात कळले असावे.

खरे सातत्य मात्र 1945 पासूनचे. इर्कुत्स्क विद्यापीठातील प्राध्यापक मिखाईल कोझोव यांनी बोल्शिये कोती या किनाऱ्यावरील वस्तीसमोर एक जागा मुक्रर केली आणि तेथून दर आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात नावेतून व हिवाळ्यात बर्फ फोडून, 250 मीटर खोलीपर्यंतचे पाणी व त्यातील सूक्ष्म जीव तपासण्याची वहिवाट पाडली. त्यांच्या पश्चात कन्या ओल्गा कोझोवा यांनी आणि पुढे नात ल्युबोव इझ्मेस्त्येवा यांनी ती चालविली. आपल्याकडे कुलकर्ण्याचे वतन जसे बापाकडून मुलाकडे जाई, तसेच हे वतन. फरक इतकाच की यात इनाम जमीन नव्हती. मधल्या काळात राजवट बदलली, देशाचे नावही बदलले, तरी नोंदींत मोठा खंड पडला नाही, ही गोष्ट मला त्यातील कोणत्याही आकड्याहून विलक्षण वाटते.

2008 साली इझ्मेस्त्येवा व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी या साठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. 1946 पासून पाणी सुमारे 1.2 अंश सेल्सियसने तापले होते. शैवलांचे मान दर्शविणारे हरितद्रव्य 1979 पासून 300 टक्क्यांनी वाढले होते. आणि शैवलांवर चरणाऱ्या पाणपिसवांच्या वर्गात 1946 पासून 335 टक्क्यांची भर पडली होती. लिस्तव्यांकाच्या तारखाही तेच सांगत होत्या : 1869 ते 1996 या अवधीत बर्फाचा मुक्काम सुमारे अडीच आठवड्यांनी घटला होता.

हरितद्रव्य वाढले म्हणजे सरोवर संपन्न झाले, असा अर्थ मात्र उतावळेपणाने काढू नये. बैकालचा खरा सुगीचा हंगाम उन्हाळ्यात नसून वसंतात, बर्फाखाली येतो. तेथील बर्फावर हिम थोडे व बर्फ काचेसारखे स्वच्छ, म्हणून सूर्यप्रकाश आत पोहोचतो. त्याने बर्फालगतचे पाणी किंचित तापून खाली सरते, आणि या मंद अभिसरणावर काचमय कवचाची, वजनाने जड अशी करंडक शैवले तरंगत राहून अमाप वाढतात. एपिशुरा नावाचा थंडीला सरावलेला सूक्ष्म कवचधारी प्राणी शैवलांवर जगतो, त्यावर मासे व माशांवर नेर्पा नावाचा सील. हा सील आपली पिल्लेही बर्फावरच जन्मास घालतो. बर्फ अल्पायुषी झाले की या परंपरेचा पायाच डळमळतो. उलट तापलेले पृष्ठजल खालच्या थंड थरात सहजी मिसळत नाही, अशा स्थिर पाण्यात जड शैवले तळाशी जातात आणि अतिसूक्ष्म, हलक्या जातींचे फावते.

उष्णतेचा हुकूम सर्व सरोवरांत एकाच रीतीने बजावला जातो असेही नाही. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात पाणी तापल्याने खोलातील पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली, आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील शैवलांची उत्पादकता सुमारे 20 टक्क्यांनी घटली असावी. तेथे हिरवेपणाच ओसरला, आणि त्याची झळ किनाऱ्यावरील कोळ्यांना लागण्याची भीती उत्पन्न झाली.

बैकालच्या किनाऱ्यालगत अलीकडे स्पायरोगायरा शैवलाचे जे दाट हिरवे थर साचू लागले आहेत, त्यांचा ठपका हवामानावर ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु लिस्तव्यांकासारख्या पर्यटकांनी गजबजलेल्या गावांचे सांडपाणी तेथे मुरते, आणि संशोधकांचा रोख मुख्यतः त्याकडेच आहे. कोझोवांचे ठिकाण किनाऱ्यापासून अडीच किलोमीटरांहून अधिक आत असल्यामुळे या खटल्यात त्यांच्या वह्यांची साक्ष फारशी उपयोगी पडत नाही. काठाच्या पाण्याचे दप्तर निराळेच ठेवावे लागले असते, आणि ते वेळीच कोणी उघडले नाही.